पशुवैद्याचे शिक्षण आणि धन्याची भाषा

मानवी वैद्यक आणि पशुवैद्यक यांमध्ये निदानाच्या दृष्टीने एक मूलभूत भेद आहे. माणूस आपली व्यथा स्वतः सांगतो. जनावराची व्यथा दुसऱ्याला सांगावी लागते. गोठ्यातील गाईविषयी पशुवैद्यास तपासणीपूर्वी जे कळते, ते दोन मार्गांनी : गाईच्या वागणुकीतून आणि धन्याच्या बोलण्यातून. या दोहोंचा अर्थ लावण्याचे शिक्षण भावी पशुवैद्यास मिळणे, हा पशुकल्याणाचाच एक भाग होय. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार भाषाभ्यासाच्या अंगाने केला आहे.

पशुकल्याणाच्या आधुनिक कल्पनेचा उगम इंग्लंडमध्ये सापडतो. १९६४ साली रूथ हॅरिसन यांच्या ‘ॲनिमल मशीन्स’ या ग्रंथाने बंदिस्त पशुपालनाकडे लोकांचे लक्ष वेधले. त्यानंतर नेमलेल्या ब्रॅम्बेल समितीचा अहवाल १९६५ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे १९७९ साली तेथील पशुकल्याण परिषदेने ‘पाच स्वातंत्र्ये’ मांडली : भूक व तहान यांपासून, गैरसोयीपासून, वेदना-इजा-रोग यांपासून, भय व क्लेश यांपासून मुक्तता, आणि स्वाभाविक वर्तन करण्याची मोकळीक. यांतील भूक आणि रोग यांची परीक्षा पशुवैद्यकास पूर्वीपासून अवगत आहे. परंतु वेदना आणि भय ही तापमापकाने मोजता येत नाहीत. ती ओळखावी लागतात.

ही ओळख सोपी नाही. गाय, म्हैस, शेळी, मेंढी हे मूळचे शिकारी प्राण्यांचे भक्ष्य. यास्तव दुखणे लपविण्याकडे त्यांचा कल असतो. पाठीस आलेला बाक, एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकणे, दात खाणे, रवंथ थांबणे, कळपापासून दूर उभे राहणे, अशा सूक्ष्म खुणांवरूनच वेदना ताडावी लागते. दुभत्या गाईंच्या लंगडण्यास एक ते पाच असे गुणांक देण्याची पद्धत यासाठीच प्रचारात आली. तिचे खरे मोल असे की, दोन निरीक्षकांनी एकाच अवस्थेस एकच नाव द्यावे, असा सराव तिच्यामुळे होतो. म्हणजे ती एक परिभाषाच आहे, आणि परिभाषा सरावावाचून अंगवळणी पडत नाही.

आता दुसऱ्या मार्गाकडे, धन्याच्या भाषेकडे वळू. आपल्याकडील रोगनामे बहुधा दिसणाऱ्या लक्षणांवरून पडलेली आहेत. तोंडातून लाळ गळते आणि खुरांत जखमा होतात, म्हणून लाळ्या-खुरकूत. फऱ्यावर, म्हणजे मांडी-खांद्याच्या मांसल भागावर सूज येते, म्हणून फऱ्या. सुमारे तीन दिवस टिकणारा ताप तो तिवा. हे निरीक्षण मोलाचे आहे. पण त्यास मर्यादाही आहेत. कासदाहास ‘दगडी’ म्हणतात, कारण कास दगडासारखी कठीण होते. परंतु ही फार पुढची अवस्था झाली. दुधात प्रथम बारीक गुठळ्या दिसतात, त्या अवस्थेस ‘दगडी’ हे नाव लागू पडत नाही. ‘दगडी झाली आहे काय?’ असे विचारणाऱ्या विद्यार्थ्यास ‘नाही’ हे उत्तर मिळेल आणि रोग मात्र वाढत राहील.

याहून महत्त्वाचा प्रकार म्हणजे जनावराची अवस्था त्याच्या स्वभावाच्या शब्दांत सांगितली जाणे. ‘गाय पान्हा चोरते’ हा प्रयोग पाहावा. यात गाईवर चोरीचा आरोप आहे. वस्तुतः पान्हा सुटतो तो ऑक्सिटोसिन या संप्रेरकामुळे. भीती किंवा वेदना उत्पन्न झाली म्हणजे ही क्रिया अडते. गाईच्या इच्छेचा तेथे संबंध नसतो. सडाला चीर पडली असेल, धार काढणारा माणूस नवा असेल, वासरू दगावले असेल. ‘खोडील बैल’, ‘मारकी म्हैस’ यांविषयीही हेच म्हणता येईल. खांद्यावर जुवाने जखम झालेला बैल मान देत नाही, आणि त्यास ‘अडेल’ म्हटले की उपचाराऐवजी चाबूक पुढे येतो. शब्दाने दुखण्याचे रूपांतर दुर्गुणात केले, तर त्याची शिक्षा जनावर भोगते. म्हणून स्वभाववाचक शब्द ऐकताच ‘केव्हापासून? कोणत्या वेळी? कोणी हात लावला असता?’ असे प्रश्न विचारण्याची सवय विद्यार्थ्यास लागली पाहिजे.

शास्त्रीय भाषाही या दोषापासून मुक्त नाही. १९६० च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक अधिनियमाने विहित रीतीने केलेले खच्चीकरण व वेसण घालणे यांस अपवाद मानले आहे. ‘खच्चीकरण’ हा शब्द मात्र भूल देऊन केलेल्या आणि भूल न देता केलेल्या क्रियेस सारखाच लागू पडतो. जनावरास भोगाव्या लागणाऱ्या वेदनेचा फरक त्यात दिसत नाही.

लोकभाषेतील ज्ञानाचे शास्त्रीय मूल्य बुळकांडीच्या इतिहासात सिद्ध झाले आहे. पूर्व आफ्रिकेत या रोगाची उरलीसुरली ठाणी शोधताना पशुपालकांची रोगवर्णने आणि रोगनामे पद्धतशीरपणे उपयोगात आणली गेली. २०११ साली हा रोग जगातून नाहीसा झाल्याचे घोषित झाले.

आपल्याकडे २०१६ च्या नियमांनुसार पशुवैद्यकाची पदवी साडेपाच वर्षांची असून त्यांत एक वर्षाची आंतरवासिता आहे. शिक्षणाचे माध्यम इंग्रजी आणि धन्याचे बोलणे मराठी, हे अंतर याच वर्षात भरून काढता येईल. विद्यार्थ्याने धन्याचे कथन प्रथम त्याच्याच शब्दांत टिपावे, शेजारी स्वतःचे निरीक्षण लिहावे, आणि मगच शास्त्रीय संज्ञा योजावी. वऱ्हाड, खानदेश, कोकण येथील पशुविषयक शब्दांचा अवस्थांनुसार संग्रह करणे, हे काम भाषाविभागातील पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी पशुवैद्यकीय महाविद्यालयांच्या साहाय्याने हाती घेण्याजोगे आहे. असा संग्रह कोशासाठी तर उपयोगी पडेलच. पण ‘पान्हा चोरणाऱ्या’ गाईचा सड कोणी तपासून पाहिला, तर त्याचा पहिला लाभ तिला होईल.