अपस्फीत नीला व क्लथनरोधक औषधे

पायांच्या त्वचेखालील नीला (अशुद्ध रक्त हृदयाकडे नेणाऱ्या वाहिन्या) फुगून लांब व नागमोडी झाल्या म्हणजे त्यांना अपस्फीत नीला म्हणतात. व्यवहारात ‘व्हेरिकोज व्हेन्स’ हे नाव रूढ आहे. नीलांतील झडपा निकामी झाल्याने रक्त खाली साचून हा विकार होतो. क्लथनरोधक औषधे रक्त गोठण्याच्या (क्लथनाच्या) क्रियेस आळा घालतात. त्यांना ‘रक्त पातळ करणारी गोळी’ म्हणतात, पण रक्त पातळ होत नाही. गुठळी बनण्यास केवळ विलंब लागतो. झडपांवर त्यांचा परिणाम होत नाही व फुगलेली नीलाही आकसत नाही. म्हणून अपस्फीत नीलांवरील औषध म्हणून ती घेणे निरर्थक होय.

या वर्गातील हेपारिन १९१६ मध्ये सापडले. वॉरफरिनाचा इतिहास अधिक चमत्कारिक आहे. १९२० नंतरच्या दशकात उत्तर अमेरिकेत कुजलेले गवत खाऊन गुरे रक्तस्रावाने मरू लागली. त्या गवतातील द्रव्य कार्ल पॉल लिंक यांच्या प्रयोगशाळेत वेगळे करण्यात आले. त्यावरून तयार झालेले वॉरफरिन १९४८ मध्ये उंदरांचे विष म्हणून बाजारात आले आणि १९५४ मध्ये मनुष्यासाठी औषध ठरले.

अपस्फीत नीला पूर्वी शस्त्रक्रियेने ओढून काढीत. आता बहुधा लेसर किंवा रेडिओ-कंप्रता ऊर्जेने ती आतून बंद करतात अथवा तीत फेसाळ औषध टोचतात. क्वचित गुठळी खोल नीलेत सरकते व तेथून फुप्फुसात जाऊन प्राणघातक ठरू शकते. पूर्वी गुठळी झालेले, कर्करोगाचे अथवा फार स्थूल अशा रुग्णांना म्हणून काही दिवस हेपारिनाची अंतःक्षेपणे देतात. इतरांना शस्त्रक्रियेनंतर लगेच चालणे व घट्ट मोजे बहुधा पुरतात.

खरा पेच उद्भवतो तो आधीपासून गोळी घेणाऱ्या रुग्णाबाबत. संधिवाताभ ज्वराने हृदयाची झडप बिघडून कृत्रिम धातूची झडप बसविलेल्या रुग्णास वॉरफरिन किंवा त्याच वर्गातील ॲसिनोकूमरॉल जन्मभर घ्यावे लागते. पायावर उपचार करावयाचे म्हणून त्याने परस्पर गोळी थांबविल्यास झडपेवर गुठळी धरते. ती मेंदूत गेल्यास पक्षाघात होतो. लेसर व रेडिओ-कंप्रता उपचार रक्ताची चाचणी मर्यादेत असल्यास गोळी चालू ठेवूनही बहुधा करता येतात. नीला ओढून काढण्याच्या शस्त्रक्रियेपूर्वी वॉरफरिन साधारण ५ दिवस थांबवितात व काही रुग्णांना मधल्या काळात हेपारिन देतात. हा निर्णय हृदयरोगतज्ज्ञ व शल्यचिकित्सक यांनी मिळून घ्यावयाचा असतो.

नांदेड येथे १९८८ मध्ये व लातूर येथे २००२ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. तरी आडगावच्या रुग्णाला चाचणीसाठी दिवस मोडून यावे लागते व ती राहून जाते. मेथी, पालक, हरभऱ्याचा पाला या भाज्यांत के जीवनसत्त्व असते व ते वॉरफरिनाचा परिणाम कमी करते. भाजी वर्ज्य नाही. मात्र हंगामात एकदम भरपूर व एरव्ही मुळीच नाही, असे होऊ नये. दुकानातून परस्पर घेतलेली वेदनाशामक गोळी अधिक घातक होय, कारण तिने जठरातून रक्तस्राव होऊ शकतो. उपचारानंतर लगेच पुण्यापर्यंतचा तीनशे किमी.हून लांबचा बसप्रवास टाळावा. तो अटळ असल्यास वाटेत उतरून चालावे.

गोळी घेणाऱ्याची अपस्फीत नीला घोट्याजवळ फुटल्यास रक्त वेगाने वाहते. अशा वेळी रुग्णास आडवे निजवून पाय हृदयापेक्षा उंच धरावा, स्वच्छ कापडाने जखमेवरच दाब द्यावा व रुग्णालयात न्यावे. मांडीला दोरी आवळल्याने स्राव उलट वाढू शकतो.