मंगळाचं तिकीट स्वस्त होईल ते देखभालीमुळे!

नाशिकजवळ ओझरच्या एचएएल कारखान्यात सुखोई-३० विमानं बांधली गेली, तशीच ती उघडून, तपासून पुन्हा उडण्याजोगीही केली जातात. मंगळप्रवास परवडायचा तर रॉकेटलाही हीच शिस्त हवी. इस्रोच्या ‘पुष्पक’ या पुन्हा वापरता येणाऱ्या प्रायोगिक यानाने २३ जून २०२४ रोजी चित्रदुर्गजवळ ताशी ३२० किमीहून जास्त वेगाने धावपट्टी गाठली; ब्रेक पॅराशूटने तो वेग १००च्या आसपास आणला. पण सुखरूप उतरणं ही अर्धीच लढाई. अमेरिकेचं स्पेस शटलही परत यायचं, मात्र दर फेरीनंतर हजारो उष्णतारोधक टाइल्स तपासाव्या लागत. म्हणून ते कधी स्वस्त झालंच नाही.

कुणी म्हणेल, रॉकेटला उतरायला इंधन राखून ठेवलं की त्याला वाहून नेता येणारं वजन घटतं. खरंय. पण फाल्कन-९ रॉकेटचे काही बूस्टर वीसपेक्षा जास्त वेळा उडालेत; एवढ्या फेऱ्यांत ती तूट भरून निघते. दुसरा आक्षेप: मंगळयान ४५० कोटींत गेलंच की! गेलं, पण ते एकेरी वाटेवरचं यंत्र होतं. माणसाला हवा, पाणी, अन्न आणि परतीचं इंधन लागतं. एवढा भार अनेक उड्डाणांतूनच वर जाणार, आणि दर वेळी नवं रॉकेट कुठल्याच देशाला झेपणार नाही. म्हणूनच देखभालीचं कसब जपणाऱ्या ओझरसारख्या गावांकडे अवकाश क्षेत्राने आत्ताच वळायला हवं.