खानदेशातलं पाण्याकाठचं रान

खानदेशात हौसेनं रानात जायचं ते एके काळी शिकारीसाठीच. 1825 मध्ये भिल्ल पलटण उभारणारा जेम्स आउट्रम इथल्या वाघांमागे वर्षानुवर्षं फिरला. पुढे जेम्स डेव्हिडसन या सनदी अधिकाऱ्यानं पक्षीसुद्धा बंदुकीनंच गोळा केले. त्याला 1884 मध्ये मिळालेला रानपिंगळा नंतर 113 वर्षं बेपत्ता होता. नोव्हेंबर 1997 मध्ये पक्षीतज्ज्ञ पामेला रासमुसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना तो शहाद्याजवळ पुन्हा दिसला. शहादा तेव्हा धुळे जिल्ह्यातच होतं.

तुम्हीआम्ही रानात जायचो ते देवाच्या निमित्तानं. यावलजवळची मनुदेवी, चाळीसगावची पाटणादेवी, तोरणमाळची महाशिवरात्रीची यात्रा. यशवंत तलावाकाठी बसून शिदोरी सोडायची, दर्शन घेऊन परतायचं. त्याला पर्यटन म्हणायची रीत नव्हती.

मग धरणं आली. भुसावळ तालुक्यात तापीवर हतनूर 1982 मध्ये पूर्ण झालं ते सिंचनासाठी. पाणी चांगदेवच्या तापी-पूर्णा संगमापर्यंत फुगलं, आणि पूर्णेनं आणलेला गाळ धरणात बसू लागला. पाटबंधारे खात्याची ही कायमची डोकेदुखी पक्ष्यांच्या मात्र पथ्यावर पडली. उथळ पाण्यात पाणवनस्पती माजल्या आणि हिवाळ्यात मोठी लालसरी, चक्रवाक, पट्टकदंब उतरू लागले. त्यांच्यामागे दुर्बिणी घेतलेली माणसं आली. आसपासच्या गावांतल्या हौशी निरीक्षकांनी वर्षानुवर्षं नोंदी ठेवल्या, म्हणून आज हतनूरचं नाव पक्षीप्रेमींना ठाऊक आहे. जाहिरातीचा त्यात काडीचाही वाटा नाही.

सरकारी बाजू त्यामानानं कोरडी. यावल अभयारण्य 1969 चं, शिरपूर तालुक्यातलं अनेर धरणाचं 1986 चं. अनेरचं नाव धुळ्यातल्या कितीजणांना सांगता येईल, शंकाच आहे. सातपुड्यातल्या पाल गावाला मात्र गर्दी असते: सुकी धरण, डोंगरातली थंड हवा आणि जळगावहून एका दिवसात जाऊन येण्याची सोय.

हतनूरच्या फुगवट्यावर बोटी नकोत, असं माझं मत आहे. ज्यांच्यामुळे माणसं येतात ते पक्षीच बोटींच्या आवाजानं उठतील. काठावर दोन-तीन निरीक्षण मनोरे आणि माहिती सांगणारी गावातली पोरं एवढं पुरे. तुम्हीही जानेवारीत एकदा जा, उजाडायच्या आत पोहोचा. भरीत-पुरी बरोबर न्या, स्पीकर घरी ठेवा आणि उष्ट्या पत्रावळ्या परत घेऊन या.