गोचिडाच्या पोटातील मिरासदार

सुरतेच्या पांजरपोळाविषयी अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकांतील युरोपीय प्रवाशांनी जी वर्णने लिहून ठेवली आहेत, त्यांत जायबंदी बैलांची, म्हाताऱ्या घोड्यांची आणि पंख मोडलेल्या पाखरांची शुश्रूषा तर आहेच. परंतु त्या साहेबलोकांना सर्वांत अधिक विस्मय वाटला तो तेथील किड्यामुंग्यांच्या बडदास्तीचा. १८२३ मध्ये ती संस्था पाहणाऱ्या अलेक्झांडर बर्न्सने धान्यातील किड्यांसाठी राखलेल्या स्वतंत्र कोठीची हकीकत नमूद केली आहे, तर पिसवा-ढेकणांना रक्त मिळावे म्हणून पैसे देऊन माणसे तेथे रात्रभर निजवीत असत, असेही अन्य लेखकांनी लिहिले आहे. अहिंसेच्या या टोकाची थट्टा करणारे पुष्कळ झाले. मात्र ज्यांना आपण यःकश्चित उपद्रवी जीव समजतो त्यांच्या उदरातही दुसऱ्या जीवांची वस्ती असते, आणि त्या वस्तीतील घडामोडींवर एखाद्या शहराचे दैव अवलंबून असू शकते, ही गोष्ट तेव्हा आश्रयदात्यांना ठाऊक नव्हती आणि थट्टेखोरांनाही नव्हती.

सुरत जिल्ह्यातील एखाद्या गोठ्यात धारेच्या वेळी सुरती म्हशीच्या कानाची पाळी उलटून किंवा कासेमागची घडी चाचपून पाहिली, तर तेथे गोचीड हमखास सापडतात: नर चपटा व तपकिरी, आणि रक्त पिऊन टरारलेली मादी करड्या रंगाची. हा प्राणी कीटकवर्गातील नव्हे. पूर्ण वाढ झाल्यावर त्याला आठ पाय असतात आणि त्याचे नाते कोळी-विंचवांशी आहे. अंड्यातून बाहेर पडल्यापासून मरेपर्यंत रक्त, आणि केवळ रक्त, हाच त्याचा आहार होय. रक्तात प्रथिने व लोह मुबलक असले, तरी ब-गटातील काही जीवनसत्त्वे इतकी अत्यल्प असतात, की तेवढ्यावर गोचिडाचीसुद्धा गुजराण होऊ नये. ही उणीव भरून काढणारे जिवाणू त्याच्या शरीरातच, विशेषतः उत्सर्जक नलिकांच्या व अंडाशयाच्या पेशींत, वास्तव्य करतात. बायोटिन, रायबोफ्लेविन आणि फोलिक आम्ल ते यजमानाला पुरवतात आणि मोबदल्यात त्यांना अन्न व निवारा मिळतो. गुरांवरील गोचिडाची मादी एका वेळी दोन-तीन हजार अंडी घालते, आणि हे जिवाणू त्या अंड्यांतूनच पुढल्या पिढीत उतरतात. गावच्या दप्तरात ज्याचे नाव वंशपरंपरेने चालत आले, त्या मिरासदाराचा हक्क आणि यांचा हक्क एकाच जातीचा. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात आफ्रिकेतील एका जातीच्या गोचिडांना प्रतिजैविक देऊन त्यांचे जिवाणू नाहीसे करण्यात आले, तेव्हा त्यांची वाढ खुंटली. आणि रक्तात तीच जीवनसत्त्वे मिसळून पाजताच ती पुन्हा मार्गी लागली.

याच घरात काही उपरीही येऊन राहतात. ॲनाप्लाझ्मा नावाचा जिवाणू गुरांच्या तांबड्या रक्तपेशींत शिरतो. जनावराला ताप भरतो, पापण्यांच्या आतली बाजू फिकी पडते, दूध आटते. कुत्र्यावरच्या गोचिडातून माणसाच्या अंगात उतरणारा रिकेट्सिया तळहात-तळपायांवरही पुरळ उठवतो, आणि वेळीच डॉक्सिसायक्लिन मिळाले तर रोगी बहुधा बरा होतो. परंतु मिरासदार आणि उपरी हा भेद जन्मजात समजू नये. माणसाला क्यू ज्वराने आजारी पाडणाऱ्या कॉक्सिएल्ला जिवाणूचे निकटचे भाऊबंद गोचिडांच्या पोटात इमानाने नांदत आहेत, आणि त्यांच्याच एका पूर्वजापासून हा उपद्रवी वंश फुटला असावा, असे संशोधकांचे अनुमान आहे.

तथापि सुरतेच्या स्मरणात कायमचा राहिलेला उपरी गोचिडातला नव्हे, पिसवेतला. प्लेगचा प्रसार उंदरांवरील पिसवांमुळे होतो, हे १८९८ मध्ये कराचीत पॉल-लुई सिमाँ याने दाखवले. आणि पिसवेच्या पोटात नेमके काय घडते, याचा उलगडा १९१४ मध्ये बेकट आणि मार्टिन यांनी केला. प्लेगचे जंतू पिसवेच्या जठराच्या तोंडाशी एकमेकांना चिकटून वाढतात आणि तेथे त्यांचा घट्ट बोळा बसतो. शोषलेले रक्त त्या बोळ्यापाशीच अडते. पोट रिकामेच राहिल्याने भुकेने कासावीस झालेली पिसू पुनःपुन्हा चावत सुटते आणि प्रत्येक चाव्यासरशी अडलेले रक्त जंतूंसह उलटून जखमेत जाते. अखेरीस ती स्वतः उपाशी मरते. उन्हाळ्याच्या कडक तापमानात हा बोळा टिकत नाही. आपल्याकडचा गाठीचा प्लेग थंडीत फोफावून उन्हाळ्यात ओसरत असे, त्याचे एक कारण हे. मिरासदार घर राखतो, हा उपरी मात्र घर पाडूनच बाहेर पडतो.

किल्लारीच्या ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर मराठवाड्यात लोकांनी सोडलेल्या घरांत धान्य राहिले आणि उंदीर माजले, अशी पुढल्या वर्षीच्या प्लेगची मीमांसा करण्यात आली. ऑगस्ट १९९४ मध्ये बीड जिल्ह्यातील मामला गावी पिसवांचा सुळसुळाट झाला आणि पाठोपाठ गाठीचा ताप आला. सप्टेंबरात तापीच्या पुराचे पाणी ओसरून सुरतेच्या सखल वस्त्यांत चिखल, कचरा आणि मेलेली जनावरे उरली असताना फुप्फुसाच्या प्लेगने तोंड काढले. या प्रकाराला पिसवेचीही गरज उरत नाही. खोकल्याच्या तुषारांतून तो माणसाकडून माणसाकडे जातो. मृतांची संख्या पन्नासच्या आसपास राहिली, परंतु भीतीने लाखो लोक, त्यांत मागावर आणि हिऱ्यांच्या कारखान्यांत राबणारे परप्रांतीय मजूर, मिळेल त्या गाडीने शहर सोडून गेले. पुढे व्ही. रामलिंगस्वामी यांच्या समितीने हा प्लेगच असल्याचा निर्वाळा दिला.

या सर्व व्यवहारात माणूस तिऱ्हाईत आहे. मूळ करार जिवाणू आणि त्याचा यजमान यांच्यातला. त्याची झळ तेवढी आपल्याला लागते. म्हणूनच टेट्रासायक्लिनची गोळी रोग्याला वाचवते, पण कराराला धक्का लावत नाही. त्यासाठी यजमानाच्या वस्तीची जागाच साफ करावी लागते. १९९५ मध्ये महापालिकेचे आयुक्त म्हणून आलेले एस. आर. राव यांनी अधिकाऱ्यांना कचेरीतून रस्त्यावर उतरवले, रात्रीची झाडलोट सुरू केली, घाण करणाऱ्यांकडून दंड वसूल केला; आणि थोड्याच काळात सुरतेची गणना देशातील स्वच्छ शहरांत होऊ लागली. गोठ्याचा न्यायही हाच आहे. गोचीड आयुष्याचा बराच काळ म्हशीच्या अंगावर नव्हे, तर भिंतींच्या भेगांत आणि शेणकचऱ्यात काढतो. तेव्हा अंगावरचे गोचीड वेचून समाधान मानणाऱ्या गवळ्यापेक्षा भेगा लिंपून घेणारा गवळी आपल्या जनावराचे आणि स्वतःचेही अधिक रक्षण करतो.