वनमहोत्सव आणि निरंकाराची राई

1950 साली कन्हैयालाल मुन्शी यांनी वनमहोत्सवाची प्रथा सुरू केली. तेव्हापासून दरवर्षी पाऊस लागला की रोपांचे वाटप होते, मान्यवरांच्या हस्ते खड्डे बुजविले जातात आणि आकडे प्रसिद्ध होतात. या उत्साहाला आमचा विरोध नाही. परंतु हवामानच पालटत असताना वनरक्षण म्हणजे रोपांची मोजदाद, ही समजूत आता सोडावी लागेल.

मार्च 2023 मध्ये म्हादई अभयारण्यासह गोव्यातील अनेक डोंगर पेटले आणि आग विझविण्यासाठी हवाई दलाची हेलिकॉप्टरे आणावी लागली. त्याआधीचा फेब्रुवारी महिना, सरासरी कमाल तपमानाच्या हिशेबाने, देशात 1901 पासूनचा सर्वांत उष्ण ठरला होता. ठिणगी बहुधा माणसाच्याच हातून पडते. काजूखालचा झाडोरा जाळण्याची खोड कोणाला ठाऊक नाही? पण ठिणगीचा वणवा होतो तो सुकलेल्या रानात. आपल्याकडे वर्षाचा जवळजवळ सारा पाऊस चार महिन्यांत पडून जातो. उरलेल्या आठ महिन्यांत, वाढत्या उष्म्यात, रानातील ओल किती काळ टिकते यावर यापुढे वनांचे भवितव्य ठरणार आहे.

ही ओल कशी राखली जाते, हे पाहावयास सत्तरीतील बांबरला जावे. तेथे निरंकाराची राई आहे. झऱ्याच्या पाण्याने बारमाही भिजलेल्या चिखलात रानजायफळाच्या कुळातील वृक्ष उभे आहेत. चिखलात मुळांना हवा मिळत नाही. म्हणून ती गुडघ्यासारखी वाकून वर येतात आणि श्वास घेतात. पश्चिम घाटात अशा दलदली आता फार थोड्या उरल्या आहेत. ही टिकली ती देवाच्या धाकाने; कायदे पुष्कळ नंतर आले. 1970 च्या दशकात माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी महाराष्ट्रातील देवरायांचा अभ्यास केला, तेव्हा श्रद्धेने राखलेल्या या वनखंडांचे मोल शास्त्रीय जगालाही उमगले.

मात्र केवळ न तोडल्याने ही राई पुढेही तगेल, असे मानणे भाबडेपणाचे होईल. रानजायफळाची बी वाळली की मरते. भाताच्या बियाण्याप्रमाणे ती कणगीत साठविता येत नाही. धनेशासारखे मोठे पक्षी फळ गिळून बी दूर नेतात खरे, पण ती पडेल तेथे ओलसर सावली नसेल तर सारे व्यर्थ. झरा आटला तर प्राणी दुसरीकडे जातील. हा वृक्ष जाणार कोठे? त्याला पुढच्या ओहोळापर्यंत पोहोचविण्याचे काम माणसालाच करावे लागेल. पडलेली फळे वेळीच गोळा करून, लगेच रुजवून, छायेत वाढविलेली रोपे बारमाही पाण्याच्या काठी लावणे, हे काम एका दिवसाच्या समारंभाचे नव्हे. शिवाय या नव्या जागा उघड्यावर असून चालणार नाहीत. पूर्वी लावलेल्या निलगिरी आणि अकेशियाच्या एकसुरी लागवडी टप्प्याटप्प्याने विरळ करून त्यांच्या सावलीत किंदळ, माट, जांभूळ, भिरंड अशी मिश्र झाडी उभी राहिली, तरच दोन रायांमधले अंतर हिरवे होईल.

येथे एक अप्रिय गोष्ट सांगणे भाग आहे. अनेक गावांत देवराईतील साध्या घुमटीच्या जागी काँक्रीटचा सभामंडप उभारण्याची हौस वाढली आहे. झरीभोवती सिमेंटचा कट्टा बांधला जातो, वाटेवर फरशी येते, आणि ज्या पाण्यावर राई जगते तेच वळविले जाते. ज्या देवाच्या भयाने आपल्या पूर्वजांनी फांदी मोडली नाही, त्याच्याच नावाने हे चालावे, हा दैवदुर्विलास आहे. मंडप बांधावयाचाच असेल तर तो राईबाहेर बांधावा, याला कोणत्या महाजनांची हरकत असावी?

वन खात्यानेही पुढील हंगामाची आखणी करताना खड्ड्यांच्या संख्येऐवजी प्रथम झऱ्यांची यादी करावी. कोणता झरा वैशाखात वाहतो आणि कोणता शिगम्यापूर्वीच आटतो, हे त्या त्या गावचे गावकार सांगू शकतील. त्यांना एकदा विचारावयास हवे.