दिवाळीआधी डोळे तपासा

मुलाला नीट दिसतं की नाही हे शाळेत गेल्यावर कळेलच, या भरवशावर राहण्यात धोका आहे. एकाच डोळ्याला मोठा नंबर असलेलं तीन वर्षांचं मूल ना अडखळतं, ना तक्रार करतं. चांगला डोळा सगळं निभावून नेतो. तोवर दुसऱ्या डोळ्याकडून येणारं धूसर चित्र मेंदू बाजूला टाकू लागतो आणि तो डोळा आळशी होत जातो. दृष्टीची ही जडणघडण पहिल्या सात-आठ वर्षांत बहुतांशी उरकते. जन्मजात मोतीबिंदूत तर मुदत आठवड्यांची असते. तो एकाच डोळ्यात असेल, तर शस्त्रक्रिया साधारण सहाव्या आठवड्याच्या आसपास व्हावी लागते. पहिलीच्या वर्गात लावलेला तक्ता इथे काय कामाचा?

कर्जत-खालापुरात यंत्रणाच नाही, असं मात्र नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली पालघरहूनच सुरू झाला. त्याच्या फिरत्या पथकाने अंगणवाडीतली मुलं वर्षातून दोनदा तपासायची असतात. पण दिवाळी सरली की अनेक कातकरी कुटुंबं वीटभट्ट्यांवर जातात, ती पावसाच्या तोंडावर परततात. जानेवारीच्या फेरीत त्यांची मुलं फक्त रजिस्टरात सापडणार. म्हणून वाड्यांवरची एक फेरी पावसाळा ते दिवाळी या काळातच व्हायला हवी.

अक्षरओळख नसलेल्या मुलाला तपासणार कसं? तळहाताने एक डोळा झाका, मग दुसरा. चांगला डोळा झाकला की मूल बहुधा हात ढकलतं, मान फिरवतं. कमजोर झाकला, तर खुशाल खेळत राहतं. यातून सौम्य दोष निसटतात, हे खरं. तीन वर्षांपुढची बरीच मुलं चित्रं जुळवून दाखवतात, तिथे ते पकडता येतात. तान्ह्या बाळाच्या डोळ्यांत अंधाऱ्या खोलीत ऑफ्थॅल्मोस्कोपचा उजेड टाकला की दोन्ही बाहुल्या सारख्याच तांबूस चमकायला हव्यात. एखादी पांढरट दिसली, तर बाळाला विनाविलंब नेत्रतज्ज्ञाकडे न्यायचं.

खोट्या संशयापायी पनवेल-अलिबागच्या खेपा आणि बुडणारी रोजंदारी, हा आक्षेप वजनदार आहे. त्यावर उपाय मुलांना शहरात पिटाळण्याचा नाही. ठरल्या दिवशी कर्जतच्या उपजिल्हा रुग्णालयात तज्ज्ञाने येऊन थेंब घालून फेरतपासणी करण्याचा आहे. उपचार उशिराही होतात, असंही म्हटलं जातं. अमेरिकेतल्या २००५ च्या अभ्यासात सात ते बारा वयाच्या सुमारे निम्म्या मुलांना उपचारांनी फायदा झाला; म्हणजे जवळपास निम्मी राहिलीच. उलट सातच्या आत, दोष मध्यम असेल तर चष्म्यासोबत चांगल्या डोळ्यावर रोज दोन तासांची पट्टीही पुरू शकते. ती भट्टीवरही बांधता येते. तेव्हा भट्टीची वाट धरण्याआधी सेविकेला एवढं विचाराच: आमच्या पोराचे दोन्ही डोळे वेगवेगळे तपासलेत का?