फडताळाची झडती

भाद्रपद सरत येऊन पिवळे ऊन परसात पडू लागले, की घटस्थापनेच्या आधीचा एखादा कोरडा दिवस धरून आमच्या रत्नागिरीकडच्या घरी स्वयंपाकघरातले फडताळ रिकामे केले जाई. आणि वडील मामलेदार कचेरीत अव्वल कारकून असल्यामुळे या कामाला घरात ‘झडती’ हेच नाव पडले होते. वडील गेले, फडताळाशेजारी फ्रिज येऊन उभा राहिला, तरी झडती चुकलेली नाही. यंदा मात्र आईचे गुडघे शिडीला राजी नसल्याने वरच्या फळीवरचे डबे उतरविण्याची कामगिरी माझ्याकडे आली. मी डबा उतरवावा, झाकण काढावे, पाटावर बसलेल्या आईच्या नाकासमोर धरावा आणि निकाल तिने द्यावा, असा एकंदर रिवाज ठरला.

त्या निकालाची भाषा मी लहानपणापासून ऐकत आलो. परंतु तिच्यातला काटेकोरपणा याच वेळी ध्यानी आला. शहरातल्या माझ्या घरी टाकायचे ते सरसकट ‘खराब’. आईच्या तोंडी तो शब्द दिवसभरात एकदाही आला नाही. दूध नासते, आमटी विटते, तूप खवट होते, लोणचे बुरसते, कडधान्य किडते आणि पापड नुसताच सादळतो. यातले एक क्रियापद दुसऱ्याच्या जागी चालत नाही, कारण प्रत्येक गुन्ह्यामागचा गुन्हेगार निराळा: कोठे जंतू, कोठे बुरशी, कोठे केवळ हवा आणि उजेड, तर सादळण्याच्या बाबतीत चार महिन्यांचा दमटपणा. म्हणून शिक्षाही सारखी नव्हे. पोह्यांच्या पापडांना दोन दिवस ऊन दाखविण्याचा हुकूम होऊन त्यांची सुटका झाली. भाजणीच्या डब्यालाही तीच सवलत मिळावी म्हणून मी रदबदली केली, तेव्हा आई म्हणाली, “अरे, ती सादळलेली नाही, खवटलीय. उन्हात ठेवलीस तर आणखी खवटेल.” स्निग्धांश हवेतल्या प्राणवायूने बिघडतो आणि ऊब व प्रकाश त्या क्रियेला वेगच देतात, हे मला पुस्तकातून ठाऊक होते, पण ऐन वेळी ते तिला आठवले, मला नाही.

लोणच्याच्या बरणीचा दादरा सोडला तो वर पांढरा बुरा. तेल बोटभर वर राहावे असा बंदोबस्त असताना कोणीतरी तळाकडच्या फोडी उपसण्याच्या नादात वरच्या तेलाबाहेर काढून ठेवल्या होत्या, आणि हवेवाचून न वाढणाऱ्या बुरशीला तेवढी फट पुरली. साखरआंब्याचा पाक कच्चा राहिल्यामुळे तो फसफसून त्याला मद्याचा वास येत होता. याउलट तीन वर्षांपूर्वीची आमसुले काळी, मऊ आणि संपूर्ण निर्दोष निघाली.

सर्वांत अधिक वेळ कुळथाने खाल्ला. दाण्यावर टाचणीच्या टोकाएवढे पांढरे ठिपके चिकटलेले होते. ती भुंग्याची अंडी. त्यांतून निघालेली अळी थेट दाण्यात शिरते, आतला गर खाऊन वाढते आणि भुंगा होऊन बाहेर पडताना मागे एक वाटोळे भोक ठेवते. बाहेर आलेला भुंगा मग दाण्याला तोंडही लावत नाही. तांदळातला टोका याहून धूर्त. त्याची मादी सोंडेने दाणा कोरून आत अंडे घालते आणि भोक चिकट द्रवाने असे बुजविते की दाणा बाहेरून साबूत दिसावा. आईने मूठभर तांदूळ पाण्यात टाकले. पोकळ तेवढे वर आले. या परीक्षेला नाक लागले नाही.

डबे रिकामे होत गेले तसे आणखी एक ध्यानात आले. रोजच्या वापरातले काही बिघडले नव्हते. बिघडले होते ते राखून ठेवलेले. काजूगर धाकटीसाठी, साखरआंबा नातवंडांसाठी, भाजणी माझ्यासाठी. मी गणपतीला आलो नव्हतो. यावर आई काही बोलली नाही, आणि मीही डबा पुसत राहिलो.

शेवटी शेंगदाण्यांचा डबा निघाला. काही दाण्यांवर हिरवट भुकटी होती. आईने हुंगून ‘जरा कुबट’ एवढाच शेरा मारला आणि बरे दाणे निवडून भाजून घ्यावेत, उरलेले पाखरांना टाकावेत, असा निवाडा दिला. येथे मला प्रथमच तिच्या निकालावर अपील करावे लागले. इंग्लंडात 1960 साली लाखाहून अधिक टर्की पक्षी पटापट मेले, तेव्हा शोधाअंती दोष ब्राझीलहून आलेल्या शेंगदाण्याच्या पेंडीचा निघाला. तिच्यावर वाढलेल्या बुरशीचे विष म्हणजे अफ्लाटॉक्सिन. 1974 साली गुजरात-राजस्थानच्या खेड्यांत अशाच बुरशीचा मका खाऊन शंभरावर माणसे यकृताच्या विकाराने दगावली. ही हकिकत मी सांगितली, ती आईने पदराने हात पुसत ऐकून घेतली.

“म्हणजे पाखरांनाही नको?”

“नको. पाखरे मेली म्हणूनच तर कळले.”

“आणि भाजले तर?”

“भाजूनही जात नाही. चांगल्या दिसणाऱ्या दाण्यातही असू शकते.”

“वास?”

“त्या विषाला वास नाही, आई.”

मी खड्डा खणण्यासाठी कुदळ घेऊन माडाकडे निघालो. दारातून वळून पाहिले, तेव्हा तिने तो डबा पुन्हा नाकाशी नेला होता.